अहिराणी शब्दसंग्रहाच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणताना: प्रकल्प नोंदी

काम असं: अमळनेर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) तरुणपणापासून अहिराणी शब्द गोळा केले. शब्द, मराठी अर्थ, वापराचं एक वाक्य आणि तो कुठल्या भागात बोलतात, म्हणजे धुळे, साक्री, चाळीसगाव की बागलाण, असे चार रकाने. वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या टायपिस्टांनी ते टाइप केलं. आता एकही फाइल धड उघडत नाही. माझं डीटीपीचं दुकान आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. खान्देशात अशा पेट्या घरोघरी पडून आहेत, त्या उघडणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

८ जून २०२५

आज सगळा माल हातात आला. दोन सीडी, एक जुना पेनड्राइव्ह आणि चपलेच्या खोक्यात फ्लॉप्या. फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह ऑनलाइन मागवला, सोळाशे रुपये. काही फ्लॉप्यांच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. ती तर वाचली जात नाहीच, वर ड्राइव्हचं हेड घाण होऊन पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते. त्या बाजूला काढल्या.

वाचल्या गेल्या त्या सगळ्यांची आधी जशीच्या तशी प्रत केली. तो फोल्डर 'फक्त वाचा' करून ठेवला आणि विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने प्रत्येक फायलीची शा-२५६ खूण काढून एका यादीत लिहिली. पुढे काहीही बिघडलं तरी मूळ फाइल बदललेली नाही हे या खुणेवरून ताडता येईल. मूळ फाइल डबल-क्लिक करून उघडायची नाही, काम कायम प्रतीवर.

११ जून

फायली चार जातींच्या निघाल्या. वर्ड ९७ च्या काळातल्या डॉक, त्याहून जुन्या डॉक, थोड्या आरटीएफ आणि पेजमेकरच्या (छपाईची पानं लावायचा जुना प्रोग्राम) पी६५. काहींना एक्स्टेन्शनच नाही.

सर्वांत जुन्या डॉक फायली आताचा वर्ड उघडत नाही. 'धोरणानुसार अडवली आहे' असा संदेश येतो. फाइल खराब झालेली नसते. वर्डच्या ट्रस्ट सेंटरमध्ये 'फाइल ब्लॉक' नावाची यादी असते, त्यात वर्ड ६ आणि वर्ड ९५ च्या फायली सुरक्षेसाठी अडवलेल्या असतात. तिथली खूण काढता येते, पण मी लिबरऑफिस वापरलं, वर्डसारखंच पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात त्या सरळ उघडल्या. एक्स्टेन्शन नसलेल्यांना मागे डॉक लावून पाहिलं, बहुतेक उघडल्या.

पेजमेकरचं प्रकरण वेगळं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. पुढे तो बंदच झाला. लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली दाखवतो खरा, पण आमच्या फायलींत मजकूर तुकड्यातुकड्यांत आला आणि रकान्यांचा क्रम गेला. एका प्रेसमध्ये जुन्या संगणकावर पेजमेकर अजून चालतं हे माहीत होतं. तिथे बसून प्रत्येक 'स्टोरी' आरटीएफमध्ये एक्स्पोर्ट केली. प्रेसवाल्या भाऊंना आठशे रुपये दिले आणि सगळी दुपार त्यात गेली. पेजमेकरमध्ये काम असेल तर ते आधी उरका. असे संगणक आता भंगारात निघताहेत.

१४ जून

आता मूळ दुखणं. फाइल उघडली तरी पडद्यावर अगम्य चिन्हंच दिसतात, कारण हा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतला. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड. त्या काळी 'क' दिसावा म्हणून फायलीत भलत्याच अक्षराचा कोड साठवला जाई आणि फॉन्ट त्या कोडच्या जागी 'क' चं चित्र दाखवी. शिवाय प्रत्येक फॉन्ट-घराण्याची मांडणी निराळी. श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी यांत एकाच कोडला तीन वेगळी चित्रं. म्हणून डॉकची डॉकएक्स केली, पीडीएफ केली, काहीही केलं तरी आत कचरा तो कचराच. फॉरमॅट बदलणं आणि अक्षरांचे कोड बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि कोडचं काम आधी करावं लागतं.

त्यासाठी कुठला तुकडा कुठल्या फॉन्टात आहे हे कळलं पाहिजे. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचं नाव फायलीत शाबूत असतं. डॉकची डॉकएक्स करून घ्या, नावापुढे झिप लावा आणि ती उघडा. डॉकएक्स म्हणजे एक्सएमएल फायलींची झिपच असते. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'फॉन्टटेबल' ही फाइल सापडते, तीत वापरलेल्या फॉन्टांची नावं असतात. आरटीएफ तर नोटपॅडमध्येच उघडा, फॉन्टांची यादी सगळ्यात वर. आमच्याकडे तीन घराण्यांचे फॉन्ट निघाले, आणि काही पानांवर दोन-दोन.

एका फोल्डरपाशी मात्र हात टेकले. आप्पांनी मधल्या काळात शहरातल्या एका टायपिंग सेंटरला या फायली 'दुरुस्त' करायला दिल्या होत्या. तिथे कोणीतरी सगळा मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट मंगल (हा युनिकोडचा फॉन्ट) केला आणि सेव्ह केला. अक्षरं तर सुधारली नाहीतच, पण फॉन्टचं नाव पुसलं गेलं. आता कुठला तुकडा कुठल्या मांडणीत आहे ते अंदाजाने शोधायचं. जुनी फाइल उघडून ती वाचता येत नसेल तर फॉन्ट बदलू नका, सेव्ह तर मुळीच करू नका. त्या नावाखेरीज दुसरी किल्ली नाही.

१९ जून

आधी सोपा मार्ग करून पाहिला. मजकूर कॉपी करून एका फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये पेस्ट केला. एकाच फॉन्टातल्या साध्या परिच्छेदाला चाललं. पण संग्रहात झाडांची लॅटिन नावं आहेत, तीही देवनागरी समजून बदलली आणि त्यांचा चुरा झाला. तक्ता मोडून चारही रकाने एका ओळीत आले. साध्या मजकुरात फॉन्टचं नाव उतरत नाही, त्यामुळे काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं हे कन्व्हर्टरला कळायला मार्गच नाही.

म्हणून भाच्याला बसवलं. तो जळगावला शिकतो, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा जाणतो. पायथनच्या एका लायब्ररीने डॉकएक्समधला प्रत्येक 'रन', म्हणजे एकसारखं फॉरमॅटिंग असलेला सलग तुकडा, वेगळा उचलता येतो. रनचा फॉन्ट बघायचा, त्या घराण्याचा कोड-तक्ता लावायचा, रोमन फॉन्ट असेल तर हात लावायचा नाही. तक्ता जागेवर राहतो.

यात दोन अडचणी आल्या. पहिली, बऱ्याच रनना स्वतःचा फॉन्ट नसतोच, तो स्टाइलमधून आलेला असतो. तिथे प्रोग्रामला रिकामं उत्तर मिळतं आणि तो तुकडा सोडून देतो. रनला नसेल तर परिच्छेदाची स्टाइल, तिलाही नसेल तर ती ज्या स्टाइलवर बेतली ती, असं वर वर जात राहावं लागतं.

दुसरीने चार दिवस खाल्ले. वर्ड एकच शब्द दोन-तीन रनमध्ये फोडून ठेवतो, डोळ्याला काहीच दिसत नाही. 'हिवाया' या शब्दात पहिली वेलांटी एका रनमध्ये आणि 'हवाया' दुसऱ्यात. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर हवी. रन तुटलेला असला की वेलांटीला पुढचं अक्षर सापडत नाही आणि ती लटकते. उपाय सापडल्यावर सोपा वाटला: रूपांतराच्या आधी शेजारचे, एकसारख्या फॉरमॅटिंगचे रन जोडून घ्यायचे.

२७ जून

पहिला पूर्ण तक्ता बाहेर आला. दुरून छान, जवळून नाही.

'स्थिती' चं 'सि्थती' झालेलं. वेलांटी एका अर्ध्या अक्षरापुरतीच पुढे सरकली, ती सगळं जोडाक्षर ओलांडून जायला हवी. रफाराचं याच्या उलट. जुन्या फॉन्टात तो अक्षर आणि मात्रा यांच्यानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याला जोडाक्षराच्या आधी न्यावं लागतं. 'मूर्च्छा' या शब्दात त्याने 'च्छा' हे सगळं मागे टाकलं पाहिजे. नियम 'एक अक्षर' असा न लिहिता 'पूर्ण जोडाक्षर' असा लिहिला तेव्हा दोन्ही सुटले.

सगळ्यात जास्त जीव लागला तो अर्ध्या ऱ्याला. 'दुसऱ्या' चं 'दुसर्‌या' किंवा 'दुसर्या', 'शेतकऱ्याले' चं 'शेतकर्याले'. सरसकट शोधून बदलावं तर 'सूर्य', 'कार्य', 'आचार्य' बिघडणार. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे तर दोन स्वतंत्र शब्द. बाहेर आलेल्या मजकुरावर हा उपाय होऊच शकत नाही, कारण फरक तिथे उरलेला नसतो. मूळ फॉन्टात मात्र दोन्हींची चित्रं वेगळी होती. कोड-तक्त्यानेच दोघांना एका जागी पाठवलं होतं. तक्त्यातली ती एक ओळ सुधारून सगळ्या फायली पुन्हा पहिल्यापासून चालवल्या. मूळ प्रत शाबूत ठेवली म्हणून हे जमलं.

दिसायला सारखं पण आत वेगळं, असाही एक त्रास आहे. अर्धा ऱ्या दोन तऱ्हेने लिहिता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. 'ॲ' चंही तेच. २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली, त्याआधी 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवत. पडद्यावर फरक दिसत नाही, पण एका रूपाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडे 'ऱ' आणि एकअक्षरी 'ॲ' ठेवायचं ठरवलं आणि तसं करून घेतलं.

उरलेल्या चुका शोधायची युक्ती: लिबरऑफिसच्या शोधामध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन' चालू करून शब्दाच्या सुरुवातीलाच मात्रा किंवा वेलांटी कुठे आहे ते शोधायचं, मग लागोपाठ दोन मात्रा कुठे आहेत ते. मराठीत काय किंवा अहिराणीत काय, असं असूच शकत नाही. जिथे सापडेल तिथे गडबड नक्की.

५ जुलै

पेरणीमुळे भाचा गावी, काम एकटीने. शीर्षकं ठळक होती ती साधी झाली, आकारही सगळीकडे एकच. रूपांतराने फॉरमॅटिंग खाल्लं असं वाटलं, पण तसं नव्हतं.

वर्ड काय, लिबरऑफिस काय, दोन्ही देवनागरीला 'कॉम्प्लेक्स' लिपी धरतात आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा रोमनपासून वेगळा साठवतात. जुना मजकूर संगणकाच्या लेखी रोमन होता, म्हणून 'ठळक' ही खूण रोमनच्या खात्यात होती. अक्षरं देवनागरी झाली तसं खातं बदललं, आणि त्या खात्यात काहीच नव्हतं. लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू केलं, स्टाइलमध्ये त्या लिपीचा वेगळा रकाना दिसू लागला. मग हाताने ठळक करत बसले नाही. शब्द, अर्थ, वाक्य, भाग अशा चार स्टाइल बनवल्या आणि सगळं त्यांवर टाकलं.

१२ जुलै

आप्पांना प्रिंट दाखवायला गेले. चष्मा सारखा करून त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, "मना डोयाना डोळा कसा व्हयना वं?"

दुकानात एका मुलीने तपासणीसाठी फाइल घेतली होती. लाल रेघ आली की उजवं बटण दाबून सुचवलेला शब्द घ्यायचा, ही रोजची सवय. अहिराणीत ळ चा य होतो: डोया, उन्हाया, पावसाया. मराठी स्पेलचेकच्या लेखी हे सगळं चूकच. आणि 'काया', म्हणजे काळा, याला रेघही येत नाही, कारण मराठीत तो शब्द आहेच. 'आंडोर', 'आंडेर', 'बठ्ठा' सगळे लाल. आप्पांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तेच शब्द आम्ही प्रमाण मराठीत घासून टाकत होतो. त्या पानांची तपासलेली प्रत टाकून दिली आणि आधीची पुन्हा घेतली.

कायमचा बंदोबस्त केला. 'शब्द' आणि 'वाक्य' या दोन स्टाइलची भाषा 'काही नाही, तपासू नका' अशी ठेवली. 'अर्थ' ची भाषा मराठी. ऑटोकरेक्ट पूर्ण बंद.

त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. भाषा मराठी नाही म्हटल्यावर त्या रकान्यांतले ल आणि श हिंदी वळणाचे दिसू लागले. काही फॉन्ट मजकुराची भाषा पाहून मराठी वळणाचे ल-श देतात, भाषा काढली की देत नाहीत. म्हणून मुळातच मराठी वळण असलेला फॉन्ट घेतला, टिरो देवनागरी मराठी. फुकट आहे, मोकळ्या परवान्याचा आहे, छपाईतही चांगला उठतो.

२० जुलै

आता फॉरमॅट. ज्या वाचनालयात संग्रहाची प्रत राहणार आहे, त्याच्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. निम्म्यांचं म्हणणं 'पीडीएफ करून टाका, संपलं'.

पीडीएफवर माझा भरवसा कमी, आणि तो अनुभवाने. युनिकोडमधल्या तक्त्याची पीडीएफ करून त्यातच शब्द शोधून पाहिले. वेलांटी आणि रफार असलेले काही शब्द एका वाचक-प्रोग्राममध्ये सापडले, दुसऱ्यात नाही. पीडीएफमध्ये पानावरची चित्रं पक्की असतात, पण देवनागरीचा मजकूर त्यातून परत काढणं बेभरवशाचं. वाचायला, छापायला उत्तम. मूळ प्रत म्हणून नाही.

डॉक नको, तो जुना बायनरी प्रकार. आरटीएफचा तपशील २००८ नंतर सुधारलेला नाही, पेजमेकरमधून बाहेर पडायला तो कामी आला तेवढं पुरे. राहिले ओडीटी (लिबरऑफिसचा स्वतःचा फॉरमॅट) आणि डॉकएक्स. दोन्ही उघड्या तपशिलाचे, दोन्ही आयएसओ मानक: ओडीटीचं घराणं २००६ पासून, डॉकएक्सचं २००८ पासून. दोन्ही झिपमधलं एक्सएमएल, म्हणजे उद्या एकही प्रोग्राम नसला तरी आतला मजकूर काढता येईल. मी ओडीटी निवडली कारण वाचनालयातल्या संगणकावर लिबरऑफिस आहे आणि परवान्याचा खर्च नाही. सगळ्यांकडे वर्डच असता तर डॉकएक्स निवडली असती, त्यात काही वावगं नाही.

एक मात्र पाळायचं: दुरुस्ती फक्त ओडीटीत. तीच ओडीटी डॉकएक्स करून, वर्डमध्ये बदलून, परत ओडीटी केली तेव्हा रकान्यांच्या रुंद्या सरकल्या आणि स्टाइलच्या यादीत नको ती नावं भरली. ऊस एकदा चरकातून गेला की पुन्हा ऊस होत नाही. डॉकएक्स शिक्षकांना पाठवायची, परत आलेल्या सूचना वाचून ओडीटीत हाताने घालायच्या.

शिवाय फक्त मजकुराची यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) प्रत आणि तक्त्याची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक केली तर देवनागरीचा पुन्हा कचरा दिसतो. सेव्ह करताना यूटीएफ-८ ची 'बॉम' खूण घाला, नाहीतर एक्सेलच्या डेटा मेनूतून यूटीएफ-८ सांगून आत घ्या. घाबरून तीच फाइल एक्सेलमधून सेव्ह करू नका.

३ ऑगस्ट

कानबाईचा रविवार, खान्देशातला श्रावणातला सण. काम बंद.

९ ऑगस्ट

सगळ्या ओडीटी एका फोल्डरमध्ये घेऊन लिबरऑफिसच्या 'हेडलेस' सोयीने, म्हणजे खिडकी न उघडता कमांडच्या एका ओळीत, डॉकएक्स आणि पीडीएफ काढल्या. लिबरऑफिस आधीच उघडं असेल तर ही कमांड काहीच न करता गप्प परत येते, आधी ते बंद करा. संग्रहासाठीची पीडीएफ मात्र खिडकीतून, पीडीएफ/ए प्रकारात काढली. त्यात फॉन्ट फायलीतच घातला जातो. नंतर पीडीएफच्या माहितीत फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड' लिहिलंय का ते पाहिलं.

मग ज्यासाठी जीव टाकला होता ते केलं. सगळ्या वर्षांचे तक्ते एकत्र आणून अकारविल्हे लावले. जुन्या फॉन्टात हे शक्यच नव्हतं, तिथे क्रम कोडचा लागायचा, अक्षरांचा नाही. एकत्र आल्यावर एकच शब्द साक्रीचा आणि चाळीसगावचा शेजारी शेजारी आला, दोन्हींच्या अर्थामध्ये थोडा फरक. आप्पा बराच वेळ त्या दोन ओळी वाचत होते. मग म्हणाले, हे आपण एका वर्षी लिहिलं आणि ते दुसऱ्या वर्षी, पण दोन्ही कधी एकत्र पाहिलेच नव्हते. ळ, क्ष, ज्ञ कुठे ठेवायचे हे त्यांनीच ठरवलं, ते हाताने हलवले.

१७ ऑगस्ट

खर्चाचा हिशोब: फ्लॉपी ड्राइव्ह १,६००, प्रेस ८००, बाहेरची हार्ड डिस्क ४,५००, तपासणीच्या प्रिंटा साधारण ९००. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. वेळ सर्वाधिक तपासणीत गेला, रूपांतरात नाही. कोणी तुम्हाला 'एका दिवसात युनिकोड करून देतो' म्हणालं तर तपासणी कोण करणार ते आधी विचारा.

प्रती तीन जागी: वाचनालयाच्या संगणकावर, हार्ड डिस्कवर माझ्या घरी, आणि ऑनलाइन. मूळ फायली, जुने फॉन्ट आणि कोड-तक्तेही सोबत ठेवले आहेत, कारण उद्या कुणाला तक्त्यात चूक सापडली तर पुन्हा मुळापासून चालवता आलं पाहिजे. फायलींची नावं रोमन अक्षरांत, आधी तारीख. देवनागरी नावांची झिप एका जुन्या संगणकावर उघडली तेव्हा नावं बिघडली होती.

फॉन्टचं नाव पुसलेला तो फोल्डर अजून बाकी आहे. त्यातलं प्रत्येक पान तिन्ही कोड-तक्त्यांतून काढून तीन प्रती शेजारी छापल्या आहेत. जी वाचता येईल तिच्यावर आप्पा लाल पेनाने खूण करतात. बहुतेक पानांवर एकच प्रत वाचता येते, मधूनच फॉन्ट बदललेल्या पानांवर मात्र अर्धं एका प्रतीत आणि अर्धं दुसरीत. जिथे तिन्हीतून अर्थ लागत नाही तिथे ओडीटीत पिवळा रंग देऊन जागा मोकळी सोडली आहे. तिथे अंदाजाचा शब्द घालायचा नाही असं आमचं ठरलंय. पुढच्या आठवड्यापासून आप्पा साक्रीकडच्या ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून ते शब्द विचारणार आहेत.